गुंजभर रेट्याचा तराजू

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात मोजमाप हा माणसांच्या रोजच्या भाकरीचा विषय आहे. चाकणच्या बाजारात कांद्याची गोणी काट्यावर चढते, महामार्गालगतच्या वजनकाट्यावर मालाने भरलेला ट्रक उभा राहतो आणि भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये मायक्रोमीटर हाती घेतलेला तरुण एका मायक्रॉनसाठी अर्धा तास खर्ची घालतो. माझ्या धर्मग्रामातील कित्येक कुटुंबांचे कर्ते पुरुष, आणि आता काही स्त्रियाही, टूलरूममध्ये किंवा तपासणी विभागात काम करतात. ‘चालून जाईल’ हा शब्द त्यांच्या धंद्यात चालत नाही.

ह्या पट्ट्याची ओळख मोटारींची, म्हणजे मोठ्या आणि जड वस्तूंची, अशी झालेली असली तरी तिचा आरंभ मात्र अगदी सूक्ष्म मापापासून झाला, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. १९५४ साली पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. पेनिसिलीन मोजायचे ते ‘युनिट’मध्ये, आणि एक युनिट म्हणजे शुद्ध पेनिसिलीनचा ०.६ मायक्रोग्रॅम, एका ग्रॅमचे दहा लक्ष भाग केले तर त्यातील एका भागाहूनही कमी! टेल्को आणि बजाज ही नावे घरोघर पोहोचली ती त्यानंतर. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, १९६६ मध्ये पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था निघाली. पुढे ह्या संस्थेचे एक केंद्र चाकणलाही उभे राहिले.

इंजिनाची ताकद मोजण्याचे यंत्र, म्हणजे डायनामोमीटर, ह्या भागातील अनेकांच्या परिचयाचे आहे. फिरणारे इंजिन ब्रेकला आपल्याबरोबर फिरवू पाहते. ब्रेकच्या कवचाला एक लांब भुजा जोडलेली असते आणि त्या भुजेचे टोक लोडसेलवर दाब देते. दाब आणि भुजेची लांबी ह्यांचा गुणाकार केला की इंजिनाचा पीळ कळतो. वाचकांनी ही भुजा ध्यानात ठेवावी. पुढे ज्या उपकरणाचा इतिहास सांगायचा आहे त्यातही अशीच एक भुजा आहे. फरक एवढाच की तिच्या टोकाशी येणारा जोर एखाद्या गुंजेच्या वजनाहूनही कमी असू शकतो.

ज्या इंजिनांचा हा जोर आहे ती उपग्रहांवर बसवलेली विद्युत इंजिने होत. अग्निबाणाचे इंजिन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धुराचा आणि ज्वाळांचा लोट उभा राहतो. पुणे विद्यापीठाचे १९९५ ते १९९८ ह्या काळातील कुलगुरू डॉ. वसंत गोवारीकर ह्यांनी त्याआधी थुंब्याला घन इंधनाच्या विकासासाठी आपली उमेदीची वर्षे वेचली. त्या परंपरेतून पुढे घडलेल्या पीएसएलव्ही ह्या प्रक्षेपकाच्या पहिल्या टप्प्याचा रेटा सुमारे ४८ लक्ष न्यूटन असतो. तो दोन मिनिटांच्या आत संपतो. विद्युत इंजिनाचे सारेच उलटे. त्यात झेनॉनसारख्या वायूच्या अणूंतून इलेक्ट्रॉन काढून घेऊन त्यांचे विद्युतभारित आयन बनवतात आणि विजेच्या बळाने ते सेकंदाला १५ ते ३० किलोमीटर वेगाने बाहेर फेकतात. वायू अत्यल्प, वेग प्रचंड. सेकंदाला एक मिलिग्रॅम झेनॉन १५ किलोमीटर वेगाने फेकला तर मिळणारा रेटा होतो १५ मिलीन्यूटन.

मिलीन्यूटन म्हणजे किती? आपल्या सोनारांनी ह्याचे उत्तर शतकानुशतके तळहातावर बाळगले आहे. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तेव्हा तोळ्यात ९६ गुंजा. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला तर गुंज भरते जेमतेम ०.१२ ग्रॅम, आणि तिचे वजन, पदार्थविज्ञानाच्या भाषेत, १.२ मिलीन्यूटन. म्हणजे आपले १५ मिलीन्यूटनांचे इंजिन साडेबारा गुंजांएवढा, दीड माशाहून किंचित अधिक रेटा देते. मायक्रोन्यूटन हा तर गुंजेच्या हजाराव्या हिश्शाएवढा होतो.

एवढ्याशा रेट्याने काय साधते? अवकाशात घर्षण जवळजवळ नाही, आणि इंजिन महिनोन् महिने चालू राहू शकते. १०० किलोच्या उपग्रहावर १५ मिलीन्यूटनांचे इंजिन दिवसभर चालले तर उपग्रहाच्या वेगात सेकंदाला सुमारे १३ मीटरांचा फरक पडतो, आणि पृथ्वीपासून पाचशे किलोमीटर उंचीवरील त्याची कक्षा एका दिवसात वीस किलोमीटरांहून अधिक वर सरकू शकते. अर्थात हा हिशेब रेटा १५ मिलीन्यूटनच असला तर. तो प्रत्यक्षात १३ असेल, तर कक्षा गाठायला अधिक दिवस लागतील, बरोबर घेतलेला वायू लवकर संपेल आणि पंधरा वर्षे काम करावयाचा दळणवळण उपग्रह दोन वर्षे आधीच निकामी होईल. वर गेलेल्या उपग्रहात कोणी इंधन भरायला जात नाही. म्हणून जमिनीवर असतानाच रेटा मोजायचा, आणि तो शेकडा एकदोन अंशांच्या आत अचूक मोजायचा, ह्याला एवढे महत्त्व.

कोणी म्हणेल, वायूचे वजन आणि वेग ठाऊक असेल तर गुणाकार करावा, मोजायचे कशाला? पण सगळे आयन सरळ मागे जात नाहीत, झोत पिसाऱ्यासारखा फाकतो. काही अणूंतून एकाऐवजी दोन इलेक्ट्रॉन निघतात, काही अणू आयन न बनताच निसटतात. कागदावरचा रेटा आणि खरा रेटा ह्यांत म्हणूनच अंतर पडते. ते किती, हे तराजूच सांगणार.

येथे खरी अडचण सुरू होते. १५ मिलीन्यूटन रेटा देणाऱ्या इंजिनाचे स्वतःचे वजन सहज तीन किलो, म्हणजे सुमारे ३० न्यूटन असते. दोहोंचे प्रमाण एकास दोन हजार. चाकणच्या काट्यावर पन्नास किलो कांद्याची गोणी ठेवावी, तिच्यावर पंचवीस ग्रॅमचा एक चिमुकला कांदा ठेवावा आणि गोणीसकट तोलून त्या कांद्याचे वजन शेकडा एक अंश अचूक सांगावे, असा हा प्रकार आहे. इंजिन आणखी लहान, दहा मायक्रोन्यूटनांचे, असेल तर कांद्याऐवजी त्याचा वाळका पापुद्रा कल्पावा. सरळ काटा येथे हात टेकतो. काही तरी युक्ती करून इंजिनाचे वजन हिशेबातून वगळले पाहिजे, आणि ती युक्ती सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वीच झालेली आहे. ती करणारा मनुष्य एक धर्मगुरू होता, ह्याचा उल्लेख मी थोड्या आनंदाने करतो.

जॉन मिचेल (१७२४ ते १७९३) हा अँग्लिकन पंथाचा धर्मगुरू. केंब्रिजला काही काळ भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक होता. पुढे १७६७ पासून मरेपर्यंत यॉर्कशायरमधील थॉर्नहिल ह्या गावच्या धर्मग्रामाचा प्रमुख. ज्याच्या गुरुत्वाकर्षणातून प्रकाशही सुटणार नाही असा तारा असू शकेल, हे त्याने १७८३ मध्ये लिहिले. आजच्या कृष्णविवराची ती पहिली चाहूल मानतात. त्याला पृथ्वीचे वजन काढायचे होते. त्यासाठी त्याने जे उपकरण योजले ते असे: एका बारीक तारेने आडवी दांडी टांगावयाची, दांडीच्या दोन्ही टोकांना सारखी वजने. सारे वजन तार उचलते; गुरुत्वाकर्षण दांडीला खाली ओढते, बाजूला वळवत नाही. टोकाला आडवा, अगदी क्षीण जोर लागला तरी दांडी वळते, तारेला पीळ पडतो, आणि किती पीळ पडला ह्यावरून जोर किती ते कळते. हाच तो पीळ-तराजू. उभे वजन आणि आडवा जोर ह्यांची फारकत करणे, एवढेच त्याचे मर्म. फ्रान्समध्ये चार्ल्स कूलाँ ह्या लष्करी अभियंत्यानेही स्वतंत्रपणे तारांच्या पिळाचा अभ्यास केला आणि १७८५ मध्ये तशाच तराजूने विद्युतभारांमधील बळाचा नियम सिद्ध केला.

मिचेलने आपले उपकरण तयार केले, पण प्रयोग करण्यापूर्वीच तो वारला. ते उपकरण केंब्रिजच्या फ्रान्सिस वोलॅस्टन ह्या प्राध्यापकाकडे गेले. हाही धर्मगुरूच. त्याने ते हेन्री कॅव्हेंडिशच्या हवाली केले. कॅव्हेंडिश अतिश्रीमंत, कमालीचा एकलकोंडा आणि मोजमापाच्या बाबतीत हट्टी. त्याने उपकरणाचा बराचसा भाग नव्याने बांधला आणि १७९७-९८ मध्ये लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील आपल्या घराच्या आवारात प्रयोग केले. सहा फुटी लाकडी दांडी, तिच्या टोकांना पाऊण किलोच्या आसपासचे शिशाचे गोळे, आणि त्यांना ओढण्यासाठी जवळ आणलेले दीडशे किलोंहून जड असे दोन मोठे गोळे. ह्या ओढीचे आजच्या मापात गणित केले तर ती भरते मायक्रोन्यूटनाच्या सुमारे सहाव्या-सातव्या हिश्शाएवढी. अठराव्या शतकात, विजेचा दिवाही नसताना, एका माणसाने जे बळ मोजले ते आजच्या पुष्कळशा सूक्ष्म इंजिनांच्या रेट्याहून क्षीण होते! त्याने पृथ्वीची घनता पाण्याच्या ५.४८ पट दिली. आजचा आकडा ५.५१ आहे.

मला कॅव्हेंडिशच्या उत्तरापेक्षा त्याची खबरदारी अधिक मोलाची वाटते. माणूस खोलीत शिरला तरी त्याच्या अंगाच्या उबेने हवेत झुळूक उठते आणि दांडी हलते, हे त्याने जाणले होते. म्हणून त्याने खोली बंद ठेवली, वजने बाहेरून दोरीने हलवण्याची सोय केली आणि भिंतीतल्या भोकांतून दुर्बिणीने दांडीचे टोक पाहिले. त्याच्या निबंधाची कितीतरी पाने अशा संशयांना वाहिलेली आहेत: मोठे गोळे तापलेले असतील काय, उपकरणात कोठे चुंबकत्व शिरले असेल काय. त्याने एकेक संशय वेगळा प्रयोग करून निकालात काढला.

ह्या खबरदारीची गरज मिचेललाही पूर्वी एकदा कळून चुकली होती. प्रकाश वस्तूला ढकलतो की नाही हे पाहण्यासाठी त्याने तांब्याचा पातळ पत्रा तारेच्या टोकाला बसवला आणि आरशाने सूर्यकिरण त्यावर एकवटले. पत्रा हलला खरा. पण उष्णतेने तो वितळू लागला, आणि हलण्याचे श्रेय प्रकाशाला द्यावे की तापलेल्या हवेला, हे ठरेना. ही हकिकत जोसेफ प्रीस्टली ह्याने १७७२ च्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. शंभर वर्षांनी विल्यम क्रूक्स ह्या नामांकित रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या निर्वात फुग्यात फिरणारी, एका बाजूने काळी व दुसऱ्या बाजूने चकचकीत पात्यांची फिरकी केली. उन्हात ती गरगर फिरे. प्रकाशाचा दाब सापडला असा आनंद थोडा काळ टिकला. मग कोणीतरी विचारले की चकचकीत बाजूवर प्रकाशाचा रेटा अधिक असायला हवा, मग फिरकी उलट दिशेने कशी फिरते? ती फिरवणारा हात फुग्यात उरलेल्या हवेचा होता. प्रकाशाचा खरा दाब पीळ-तराजूवर मोजण्याचा मान रशियाच्या प्योत्र लेबेदेव्हला विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मिळाला. अमेरिकेत निकोल्स आणि हल ह्यांनी तो लगोलग दुजोऱ्यास आणला. एक चौरस मीटर आरशावर पडलेले भर सूर्याचे ऊन सुमारे ९ मायक्रोन्यूटन रेटा देते. गुंजेचा शंभरावा हिस्साही नाही.

विजेने अग्निबाण ढकलता येईल ही कल्पना अमेरिकेच्या रॉबर्ट गॉडर्डने १९०६ मध्ये आपल्या वहीत टिपली, रशियाच्या त्सिओल्कोव्स्कीने १९११ मध्ये छापली आणि हर्मान ओबेर्थने १९२९ च्या आपल्या पुस्तकात तिला स्वतंत्र प्रकरण दिले. मध्यंतरीची तीस वर्षे आपण ओलांडू, कारण त्या काळात कागदापलीकडे फारसे घडले नाही. १९५९ च्या सुमारास अमेरिकेत नासाच्या क्लीव्हलँड येथील लुइस केंद्रात हॅरल्ड कॉफमन ह्यांनी पाऱ्याच्या वाफेवर चालणारे आयन इंजिन प्रत्यक्ष चालवून दाखवले. आता ते अवकाशात चालेल काय, हा प्रश्न होता.

ह्या प्रश्नामागे एक गंभीर शंका होती. धनभारित आयन सतत बाहेर पडत राहिले तर यानावर ऋणभार साठेल आणि तो आयनांना परत मागे खेचील, रेटा शून्य! उपाय म्हणून झोतात इलेक्ट्रॉन मिसळावयाचे. पण हा उपाय लागू पडतो की नाही हे जमिनीवर सिद्ध होईना, कारण निर्वात टाकीच्या धातूच्या भिंतीच इलेक्ट्रॉन पुरवीत. तेव्हा २० जुलै १९६४ रोजी ‘सर्ट-१’ नावाचे यान तासाभराच्या आतल्या उड्डाणासाठी वर पाठवण्यात आले. त्यावर दोन इंजिने होती. सीझियमचे इंजिन उच्च दाबाच्या विजेत बिघाड होऊन चाललेच नाही. कॉफमनचे इंजिन मात्र ३१ मिनिटे चालले. रेटा मोजण्याची रीत तर अत्यंत सुंदर. यान स्वतःभोवती फिरत होते आणि इंजिने त्याच्या बाजूंना अशी बसवली होती की रेटा मिळाला तर फिरण्याचा वेग बदलावा. तो बदलला. तार नाही, टांगणी नाही. भुजेच्या टोकावर इंजिन आणि मध्ये फिरणारे यान, म्हणजे आपले डायनामोमीटरच. त्यानंतर फेब्रुवारी १९७० मध्ये गेलेल्या ‘सर्ट-२’वर एक इंजिन ३,७८१ तास आणि दुसरे २,०११ तास चालले. तिकडे सोव्हिएत संघात अलेक्सेई मोरोझोव्ह ह्यांच्या परंपरेतले, ज्याला ‘स्थिर प्लाझ्मा इंजिन’ म्हणतात ते, १९७१ च्या डिसेंबरात सोडलेल्या एका ‘मेटिऑर’ हवामान उपग्रहावर चढवले गेले आणि त्याने पुढच्या वर्षी त्या उपग्रहाची कक्षा पंधरा-सतरा किलोमीटर उचलून दाखवली. कक्षा किती उचलली हेही एक मोजमापच, फक्त पृथ्वीएवढ्या तराजूवरचे.

प्रत्येक इंजिन असे अवकाशात नेऊन तोलणे परवडणारे नाही. म्हणून जमिनीवरचे तराजू सुधारत गेले. त्यांची तीन घराणी आहेत: घड्याळाच्या लंबकासारखा लोंबता, तळहातावर काठी तोलावी तसा उलटा लंबक, आणि मिचेलचा पीळ-तराजू. उलटा लंबक पडण्याच्या बेतात असल्यामुळे फार हळवा असतो. नासाच्या लुइस केंद्रात टॉमस हाग ह्यांनी १९९१ मध्ये वर्णिलेला तराजू ह्या घराण्यातला आहे. पीळ-तराजूत आता तारेऐवजी पोलादाच्या पातळ लवचिक पट्ट्यांची बिजागरी वापरतात, आणि दुर्बिणीच्या जागी लेसरचा किरण आला आहे. सारे काही निर्वात टाकीत.

तराजू खरे बोलतो की नाही हे कसे ओळखायचे? आपल्याकडे वजनमापे खात्याचा शिक्का असतो. तेथे तो प्रयोग करणाऱ्याने स्वतःच दर वेळी मारावयाचा असतो. बारीक धाग्यावर ओवलेली, अचूक तोललेली लहान वजने टाकीच्या आत मोटारीने एकेक सोडतात व काढून घेतात, आणि प्रत्येक वजनासरशी दांडी किती हलली ते टिपतात. मायक्रोन्यूटनांच्या राज्यात वजनेही जड पडतात. तेथे दोन धातूच्या कंगव्यांमध्ये ठराविक विद्युतदाब देऊन त्यांची ओढ वापरतात. इंजिन चालवण्याआधी ही कसोटी, चालवून झाल्यावर पुन्हा तीच. दोन्ही जुळल्या तरच मधला आकडा ग्राह्य.

आणि तरीही फसगत होतेच. इंजिनाला वीज पुरवणाऱ्या तारा आणि वायूची नळी स्प्रिंगसारख्या वागतात. इंजिन तापले की तारा लांबतात आणि दांडी आपोआप सरकू लागते. तारांतून जाणारी वीज पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राशी झोंबते. पंपाची थरथर, रस्त्यावरून गेलेला ट्रक, टाकीच्या आत उरलेला वायू, साऱ्यांना तराजूवर आपापले बोट ठेवायचे असते. हा उरलेला वायू काही इंजिनांत उलट शिरतो आणि रेटा वाढवून दाखवतो. जे इंजिन जमिनीवर गुणी भासले ते अवकाशात थोडे कमी भरते. म्हणून अनुभवी माणसे वीज अचानक तोडतात. खरा रेटा तत्क्षणी नाहीसा होतो, उष्णतेची सरक मात्र हळूहळू ओसरते. दोहोंना ओळखण्याची ही साधी खूण आहे.

ही खूण पुरेशी गांभीर्याने न घेतल्यास काय होते ह्याचे उदाहरण ह्याच शतकात घडले. रॉजर शॉयर नावाच्या ब्रिटिश अभियंत्याने २००१ पासून असा दावा मांडला की बंद शंकूच्या आकाराच्या धातूच्या डब्यात सूक्ष्मलहरी कोंडल्या की डबा पुढे रेटला जातो; बाहेर काहीच फेकावे लागत नाही. हे खरे असते तर न्यूटनचा तिसरा नियम मोडीत निघाला असता. २०१६ मध्ये नासाच्या ह्यूस्टन येथील एका लहान प्रयोगशाळेने पीळ-तराजूवर प्रत्येक किलोवॅटमागे १.२ मिलीन्यूटन रेटा मिळाल्याचे एका मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी मंगळावरच्या सहली जाहीर केल्या. जर्मनीत ड्रेस्डेन विद्यापीठातील मार्टिन टायमार ह्यांनी शांतपणे अधिक चांगला तराजू बांधला. २०१८ मध्ये त्यांना आढळले की डब्याचे तोंड कोणत्याही दिशेला केले, किंवा लहरींची शक्ती वाटेतच जिरवली, तरी ‘रेटा’ जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे तो डब्याचा नव्हे, तारांचा होता. २०२१ मध्ये त्यांनी ह्यूस्टनच्या मांडणीचीच प्रतिकृती करून पाहिली. डबा तापून टांगणी किंचित सरकत होती, दुसरे काही नाही. मिचेलचा वितळलेला तांब्याचा पत्रा अडीचशे वर्षांनी पुन्हा हलला होता, असे मला वाटते. ह्यूस्टनच्या मंडळींना मी लबाड म्हणणार नाही. त्यांनी आपली मांडणी उघडपणे छापली म्हणूनच ती तपासता आली. पण जे सापडावे अशी फार इच्छा असते, ते तराजू लवकर दाखवतो.

आपल्या देशात अशा हळव्या तराजूचा सर्वांत नेटका वापर झाला तो इंजिनासाठी नव्हे. १९८६ मध्ये अमेरिकेत एफ्राइम फिशबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निसर्गात चार मूलभूत बळांखेरीज एक पाचवे बळ असावे असे सुचवले. मूळच्या नागपूरच्या डॉ. रामनाथ कौशिक ह्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतर्फे ह्या दाव्याची परीक्षा घेण्याचे ठरवले. जागा निवडली कर्नाटकातील गौरीबिदनूर, जेथे जमिनीची थरथर अत्यल्प. तेथे सुमारे २५ मीटर खोल जमिनीखाली पीळ-तराजू टांगला. त्याचा गोल अर्धा शिशाचा, अर्धा तांब्याचा. बळ पदार्थानुसार बदलत असेल तर त्या गोलाने वळायला हवे होते. १९८८ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा की मोजता येईल एवढे पाचवे बळ तेथे नाही. ‘नाही’ हे उत्तर आणण्यासाठी एवढी खोल विहीर! त्या चमूतील श्याम टंडन पुढे पुण्याच्या आयुकात आले, आणि २०१५ मध्ये उडालेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’वरील अतिनील दुर्बिणीच्या कामाचे नेतृत्व त्यांच्याकडे होते.

भारताच्या विद्युत इंजिनांचा आरंभ अपयशाने झाला. १५ एप्रिल २०१० रोजी ‘जीसॅट-४’ अशी इंजिने घेऊन निघाला. प्रक्षेपकच समुद्रात कोसळला. ५ मे २०१७ रोजी गेलेल्या ‘जीसॅट-९’वर, ज्याला दक्षिण आशिया उपग्रह म्हणतात, विद्युत प्रणोदनाचा प्रयोग सफल झाला. २०२५ च्या मार्चमध्ये इस्रोने ३०० मिलीन्यूटन रेट्याच्या स्वदेशी प्लाझ्मा इंजिनाची १,००० तासांची चाचणी पूर्ण झाल्याचे जाहीर केले. ३०० मिलीन्यूटन म्हणजे अडीच तोळ्यांहून थोडे अधिक वजन. एका मध्यम मंगळसूत्राएवढे म्हणा ना! त्यासाठी ५.४ किलोवॅट वीज लागते.

लहान उपग्रहांची गोष्ट वेगळी, आणि ती आमच्या दारापर्यंत येते. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्हीने एका वेळी वीस उपग्रह वर नेले. त्यांत पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घडवलेला, सुमारे एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ होता. त्यावर इंजिन नव्हते. आपले तोंड कोणीकडे ठेवायचे हे तो पोटातल्या चुंबकाच्या आणि पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या आधारे ठरवी. कक्षा बदलणे मात्र त्याच्या हाती नव्हते. एवढ्या लहान उपग्रहाला स्वतः हलायचे असेल तर मायक्रोन्यूटनांचे इंजिन हवे, आणि असे इंजिन करणाऱ्याला सर्वांत आधी ते तोलता आले पाहिजे.

सूक्ष्म इंजिनांची सर्वांत कठोर कसोटी आजवर युरोपच्या ‘लिसा पाथफाइंडर’ यानावर झाली. डिसेंबर २०१५ मध्ये ते गेले. त्याच्या पोटात सोने आणि प्लॅटिनमच्या मिश्रधातूचे दोन ठोकळे, प्रत्येकी सुमारे दोन किलोंचे, कशालाही न टेकता तरंगत होते, आणि त्यांना धक्का लागू नये म्हणून यानाने स्वतःला त्यांच्याभोवती सतत सावरत राहावयाचे होते. सावरायचे ते कशापासून, तर सूर्यप्रकाशाच्या दाबापासून. ज्याला मिचेलने आपल्या पत्र्यावर पकडू पाहिले होते त्याच्यापासून. त्यावरील अमेरिकन बनावटीची आठ इंजिने प्रत्येकी ५ ते ३० मायक्रोन्यूटन रेटा देत. ती बरोबर चालली की नाही हे त्या तरंगत्या ठोकळ्यांनीच सांगितले. गुरुत्वीय लहरी अवकाशातून टिपण्यासाठी ही तयारी चालली आहे. त्याच लहरी जमिनीवरून टिपण्यासाठी आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तेथेही जड आरसे काचेच्या धाग्यांनी टांगावयाचे आहेत.

भोसरी-चाकणच्या एखाद्या टूलरूमने असा तराजू करायचे मनावर घेतले तर त्यातील निम्मेअधिक भाग तिच्या आवाक्यातले आहेत. स्प्रिंग पोलादाच्या पातळ बिजागऱ्या वायरकट मशीनवर कापता येतील, दांडीसाठी ॲल्युमिनियम आहे, दोलने शमवण्यासाठी चुंबक आणि तांब्याची पट्टी पुरते. कंगव्यांमधील अंतर थोडे चुकले तरी ओढीत फारसा फरक पडत नाही, म्हणूनच त्यांची निवड झालेली आहे. अडते ते टाकीपाशी. इंजिनातून सतत बाहेर पडणारा झेनॉन तितक्याच वेगाने उपसून टाकणारे अतिशीत पंप फार महाग असतात, आणि रात्रीच्या पाळीला शेजारच्या शेडमधला पॉवरप्रेस सुरू झाला की टाकीतली दांडी डोलू लागणार, हेही धरून चालावे लागेल.